डेबियन १२ चा ब्रिज आणि टीसीपीडंप : कुठे उभे राहिले की काय दिसते

लिनक्समधील ब्रिज म्हणजे कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या, आत चालणारा नेटवर्क स्विच, आणि ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातील लहान कचेऱ्यांत, पतसंस्थांत आणि कारखान्यांत आज एकाच सर्व्हरवर तीन-चार व्हर्च्युअल मशीन (सर्व्हरच्या आतले आभासी संगणक) चालवण्याची जी पद्धत रुळली आहे, तिचा सगळा भार या एका घटकावर असतो. तो फ्रेम, म्हणजे नेटवर्कवरील माहितीचे तुकडे, इकडून तिकडे किती वेगाने नेतो याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. या परीक्षणाचा विषय वेगळा आहे. काही बिघडले आणि पॅकेट (फ्रेममधून जाणारी माहिती) पकडून, म्हणजे कॅप्चर करून, पाहायची वेळ आली, तर डेबियन १२ ही लिनक्सवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टीम आपल्याला खरे चित्र दाखवते का, एवढेच येथे तपासले आहे. माझे मत आधीच सांगतो : डेबियन १२ जे दाखवते ते खरे असते, परंतु ते पूर्ण नसते, आणि ब्रिजच्या नावावर घेतलेले कॅप्चर म्हणजे ब्रिजवरची सगळी हकिकत असे धरून चालणारा माणूस चुकीच्या दिशेने बराच वेळ घालवतो.

ज्या सर्व्हरवर हे पाहिले तो महापे एमआयडीसीतील एका लहान उत्पादक कंपनीचा आहे. त्यावर डेबियन १२, म्हणजे जून २०२३ मध्ये आलेली आवृत्ती, ६.१ कर्नलसह आहे. एक भौतिक लॅन कार्ड बीआर० नावाच्या ब्रिजमध्ये जोडलेले आहे, आणि हिशेब, हजेरी व फाइली अशा कामांची व्हर्च्युअल मशीन आपापल्या व्हीनेट इंटरफेसमधून, म्हणजे आभासी लॅन कार्डातून, त्याच ब्रिजला येऊन मिळतात. कॅप्चरसाठी टीसीपीडंप ४.९९ हे पॅकेट पकडून दाखवणारे साधन वापरले. हे साधन मुळात १९८८ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत व्हॅन जेकबसन, क्रेग लेरेस आणि स्टीव्हन मॅकॅन यांनी लिहिले, आणि इतक्या वर्षांनंतरही या कामात त्याला तोड नाही असे मला मनापासून वाटते.

ब्रिजच्या एखाद्या पोर्टवर, म्हणजे लॅन कार्डवर किंवा एखाद्या व्हीनेटवर, कॅप्चर लावले असता मिळणारे दर्शन लिनक्समध्ये उत्तम आहे. याचे कारण कर्नलमधील क्रमात आहे. कार्डाकडून आलेली फ्रेम कर्नलच्या नेटवर्क स्तरात शिरली की ती आधी कॅप्चर करणाऱ्या सॉकेटांना दाखवली जाते, त्यानंतर ट्रॅफिक कंट्रोल या कर्नलमधील रहदारी-नियंत्रण सोयीचे येणाऱ्या बाजूचे नियम लागतात, आणि मग ती ब्रिजच्या हाती पडते. त्यामुळे ब्रिजने पुढे ती फ्रेम नाकारली, फायरवॉलने ती टाकून दिली किंवा स्पॅनिंग ट्रीने (नेटवर्कमधील वर्तुळाकार मार्ग टाळणाऱ्या पद्धतीने) ते पोर्ट बंद ठेवलेले असले, तरी पोर्टवर ती दिसतेच. जाणाऱ्या बाजूला क्रम उलटा आहे : रांगेतून बाहेर पडून ड्रायव्हरच्या हाती जाण्याच्या क्षणी फ्रेम कॅप्चरला दिसते, म्हणजे रांगेत गळालेली फ्रेम तेथे दिसत नाही. येणारी फ्रेम सर्वांत आधी आणि जाणारी सर्वांत शेवटी दिसावी, ही रचना निदान करणाऱ्याच्या सोयीची आहे. येणाऱ्या पोर्टवर फ्रेम आहे आणि जाणाऱ्या पोर्टवर नाही, एवढे कळले की ती याच यंत्रात हरवली हे ठामपणे म्हणता येते.

खुद्द बीआर० वर कॅप्चर लावले की मात्र गोष्ट गुंतागुंतीची होते, आणि या परीक्षणातील मुख्य आक्षेप तिथलाच आहे.

ब्रिजचा स्वतःचा इंटरफेस हा वास्तविक त्या स्विचला जोडलेल्या यजमान यंत्राचा दरवाजा आहे. नेहमीच्या स्थितीत त्यावर फक्त यजमानाच्या मॅक पत्त्यावर (नेटवर्क कार्डाच्या ओळख-पत्त्यावर) आलेल्या, सर्वांसाठी असलेल्या आणि काही मल्टिकास्ट, म्हणजे एखाद्या गटासाठीच्या, फ्रेम येतात, तसेच यजमानाने स्वतः पाठवलेल्या फ्रेम जातात. एका व्हर्च्युअल मशीनकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या फ्रेमचा या दरवाजाशी काही संबंध नसतो. पण टीसीपीडंप सुरू होताना इंटरफेसला प्रॉमिस्क्युअस, म्हणजे इतरांसाठीच्या फ्रेमही स्वीकारणाऱ्या, मोडमध्ये टाकतो, आणि ब्रिजच्या कोडमध्ये त्यासाठी खास सोय आहे : बीआर० त्या मोडमध्ये असेल तर पुढे पाठवल्या जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमची एक प्रत वर यजमानाकडेही दिली जाते. याचा परिणाम असा की नुसता टीसीपीडंप चालवला तर बीआर० वर सगळी रहदारी दिसते, आणि प्रॉमिस्क्युअस मोड नको असे सांगणारा पर्याय देऊन चालवला तर त्यातील मोठा भाग अदृश्य होतो. यंत्र तेच, ब्रिज तोच, आणि एका अक्षराच्या पर्यायाने चित्र बदलते. दोन सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या वेळी दोन वेगळी कॅप्चर घेतली आणि ती जुळली नाहीत, तर पहिली चौकशी याच पर्यायाची करावी. शिवाय हा मोड लागला आहे की नाही हे इंटरफेसच्या नेहमीच्या खुणांत दिसत नाही. टीसीपीडंप ज्या मार्गाने तो मागतो, त्याची नोंद आयपी आदेशाच्या तपशीलवार छापणीत ‘प्रॉमिस्क्युइटी’ या मोजणीत आणि कर्नलच्या लॉगमध्ये सापडते.

याहून फसवी गोष्ट पुढची आहे. बीआर० ला मिळणारी ही प्रत आणि प्रत्यक्ष पुढे जाणारी फ्रेम यांचे मार्ग वेगळे आहेत. ब्रिजच्या फॉरवर्ड, म्हणजे फ्रेम पुढे पाठवण्याच्या, टप्प्यावर फायरवॉलचा नियम फ्रेम टाकून देत असेल, तर तो पुढे जाणाऱ्या फ्रेमला टाकतो. बीआर० कडे वळवलेली प्रत शाबूत राहते आणि कॅप्चरमध्ये डौलाने दिसते. याच कारणाने पुढे पाठवलेली फ्रेम बीआर० वर फक्त आत येणारी म्हणून नोंदली जाते, बाहेर जाणारी म्हणून कधीच नाही. ती कोणत्या पोर्टमधून गेली, मुळात गेली की नाही, याचा बीआर० वरील कॅप्चरमध्ये काहीही पुरावा नसतो.

महापेच्या कचेरीत याचा प्रत्यय आला. बोटाचा ठसा घेणारे हजेरीचे नवे यंत्र बसवले आणि त्याची नोंद व्हर्च्युअल मशीनपर्यंत पोचेना. तेथील तरुण अभियंत्याने बीआर० वर कॅप्चर घेऊन मला दाखवले आणि म्हणाला, “सर, ब्रिजवर पॅकेट दिसतंय, म्हणजे आपल्या बाजूने सगळं बरोबर आहे. आतलं सॉफ्टवेअरच घेत नाहीये.” त्याचा तर्क त्याला दिसणाऱ्या पुराव्याशी सुसंगत होता. आम्ही मग त्या व्हर्च्युअल मशीनच्या व्हीनेटवर कॅप्चर लावले. तेथे एकही फ्रेम नव्हती. लॅन कार्डावर आहे, बीआर० वर आहे, व्हीनेटवर नाही, या तीन वाक्यांत निदान झाले होते. एनएफटेबल्स या लिनक्सच्या फायरवॉलच्या ब्रिज कुटुंबात, म्हणजे ब्रिजसाठीच्या नियमांच्या गटात, पूर्वीच्या कंत्राटदाराने जुन्या हजेरी यंत्राचा मॅक पत्ता तेवढा मान्य करणारा नियम ठेवला होता, आणि नवे यंत्र त्या नियमापाशी अडत होते. एनएफटेबल्सची ट्रेस सोय लावल्यावर नेमका कोणता नियम फ्रेम टाकतो तेही ओळीनिशी दिसले. ही ट्रेस सोय फार चांगली आहे आणि ती पुरेशी वापरली जात नाही, याची मला खंत वाटते. तिच्या जोडीला कर्नल ५.१७ पासून पॅकेट टाकून देण्यामागचे कारण कर्नल स्वतः नोंदवू लागला आहे, त्यामुळे डेबियन १२ वापरणाऱ्यांना कॅप्चरच्या पलीकडेही हाताशी साधने आहेत.

उलट प्रकारही होतो. नियम फॉरवर्डऐवजी त्याच्या आधीच्या, म्हणजे प्रीराउटिंग टप्प्यावर असेल, तर फ्रेम लॅन कार्डावर दिसते आणि बीआर० वर दिसतच नाही. स्पॅनिंग ट्री चालू असताना पोर्ट नुकतेच जोडले असेल तरीही हेच घडते : ऐकण्याची १५ आणि शिकण्याची १५ सेकंदे मिळून पहिले अर्धे मिनिट ते पोर्ट पुढे काही पाठवत नाही. व्हर्च्युअल मशीन सुरू होताच पाठवत असलेली डीएचसीपीची, म्हणजे आयपी पत्ता मिळवण्याची, मागणी तेवढ्या काळात व्हीनेटवर स्पष्ट दिसते आणि लॅन कार्डावर उमटत नाही. अशा वेळी डीएचसीपी सर्व्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

एकाच ब्रिजवरील दोन व्हर्च्युअल मशीनमधील संवाद भौतिक लॅन कार्डापर्यंत जातच नाही, हे तत्त्वतः सर्वांना माहीत असते, तरी कॅप्चर मात्र सवयीने लॅन कार्डावर लावले जाते. बाहेरच्या स्विचवर पोर्ट मिररिंग (एका पोर्टच्या रहदारीची प्रत दुसऱ्यावर घेणे) करून बसलेल्यालाही हा संवाद कधी सापडणार नाही. तसेच तिसऱ्या मशीनच्या व्हीनेटवरही तो दिसत नाही, कारण ब्रिज पत्ते शिकतो आणि फ्रेम नेमक्या पोर्टलाच देतो. शिकलेला पत्ता नेहमीच्या मांडणीत ३०० सेकंदे न दिसल्यास विसरला जातो, आणि मग त्या पत्त्यावरची पुढची फ्रेम सर्व पोर्टांवर पसरते. असंबद्ध व्हीनेटवर मधूनच दुसऱ्याची एखादी फ्रेम दिसली तर घुसखोरीचा संशय घेण्याआधी ब्रिजचा पत्त्यांचा तक्ता पाहावा. ही मुदत शून्य केली की ब्रिज जुन्या काळच्या हबसारखा वागतो आणि प्रत्येक फ्रेम प्रत्येक पोर्टवर जाते. निरीक्षणासाठी वेगळे व्हर्च्युअल मशीन ठेवणारे काही जण ही युक्ती वापरतात. चाचणीच्या यंत्रावर ती ठीक आहे. पगारपत्रक आणि हिशेब ज्या ब्रिजवरून जातात तेथे मी ती कुणालाही करू देणार नाही.

सर्व इंटरफेसांवर एकदम कॅप्चर घेण्याची ‘एनी’ ही सोय ब्रिजच्या कामात जुन्या आवृत्त्यांमध्ये गोंधळ घालणारी होती, कारण एकच फ्रेम दोन-तीनदा दिसे आणि ती कुठे दिसली ते कळत नसे. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या टीसीपीडंप ४.९९ पासून प्रत्येक ओळीच्या आरंभी इंटरफेसचे नाव आणि फ्रेमची दिशा छापली जाते, आणि ब्रिज सांभाळणाऱ्यांसाठी गेल्या काही वर्षांतील ही सर्वांत उपयोगी सुधारणा आहे असे मी म्हणेन. हजेरी यंत्राचा प्रश्न या एका आदेशाने सुटला असता, कारण आत आल्याची ओळ आहे आणि बाहेर गेल्याची ओळ नाही हे एकाच पडद्यावर दिसले असते. एक मर्यादा ध्यानात ठेवावी लागते : ‘एनी’वरील कॅप्चर प्रॉमिस्क्युअस मोड लावत नाही. ब्रिजच्या पोर्टांना ब्रिज स्वतःच बहुधा त्या मोडमध्ये ठेवतो, म्हणून पोर्टांवरील फ्रेम दिसतात. पण मशीन-मशीनमधील फ्रेमची बीआर० वरील प्रत या मार्गाने मिळत नाही. माझ्या मते हा तोटा नसून फायदाच आहे, कारण जी प्रत दिशाभूल करते ती मुळात येतच नाही.

व्हीलॅनच्या, म्हणजे टॅग लावून एकाच नेटवर्कचे केलेल्या वेगळ्या भागांच्या, बाबतीत डेबियनला पूर्ण गुण देता येत नाहीत, तरी कर्नल लिहिणाऱ्यांच्या विचारीपणाची येथे दाद द्यावी लागते. लिनक्सच्या ब्रिजमध्ये व्हीलॅन गाळण्याची सोय कर्नल ३.९ पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. ती चालू असताना बीआर० हेही इतरांसारखेच एक पोर्ट मानले जाते, आणि ज्या व्हीलॅनचे सदस्यत्व त्याला दिलेले नाही त्याच्या फ्रेम त्याच्याकडे येऊ नयेत असा नियम आहे. मात्र बीआर० प्रॉमिस्क्युअस मोडमध्ये असेल तर कोणीतरी पॅकेट पकडत असण्याची शक्यता आहे, म्हणून त्या वेळी ही अट सैल करावी, अशी समज कोडमध्ये टिप्पणीसकट लिहून ठेवलेली आहे. यंत्र बिघडल्यावर त्यापुढे बसणाऱ्या माणसाचा विचार इतक्या खोलवर कुणी केला आहे हे वाचून मला समाधान वाटले. याचा दृश्य परिणाम मात्र नवख्याला चकवतो : समजा एका पोर्टचा मूळ व्हीलॅन १० आहे आणि बीआर० त्याचा सदस्य नाही, तर तीच फ्रेम पोर्टवर बिनटॅगची दिसते आणि बीआर० वर १० क्रमांकाच्या टॅगसह दिसते. दोन्ही दर्शने खरी आहेत, कारण टॅग ब्रिजने आत घेताना लावला. मॅक पत्ते आणि टॅग छापणारा पर्याय दिल्याशिवाय व्हीलॅन असलेल्या ब्रिजवर कॅप्चर घेऊच नये.

कार्डाच्या सोयीसुविधांमुळे होणारे भ्रम थोडक्यात सांगतो. एमटीयू, म्हणजे एका पॅकेटची कमाल लांबी, १५०० बाइट असताना कॅप्चरमध्ये कित्येक हजार बाइटांची पॅकेटे दिसणे हे आलेली पॅकेटे कर्नलने एकत्र बांधल्याचे किंवा जाणारी अजून तोडायची असल्याचे लक्षण आहे. दोन व्हर्च्युअल मशीनमधील पॅकेटांवर चेकसम (चूक ओळखण्याचा आकडा) चुकल्याचा शेरा दिसतो, कारण तारेवर न जाणाऱ्या पॅकेटाचा चेकसम काढण्याचे श्रम कुणी घेतलेलेच नसतात. दोन्ही निरुपद्रवी आहेत. मोजमाप नेमके हवे असेल तर ईथटूल या आदेशाने त्या सोयी तात्पुरत्या बंद करता येतात.

शेजारच्या स्विचची ओळख सांगणाऱ्या एलएलडीपी फ्रेम शोधणाऱ्यांनी बीआर० वर वाट पाहू नये. या फ्रेम राखीव मल्टिकास्ट पत्त्यावर येतात, ब्रिज त्या सहसा पुढे पाठवत नाही, आणि ज्या पोर्टवर आल्या त्याच पोर्टच्या नावाने त्या यजमानाला मिळतात. हे वर्तन मधल्या काळात एका बदलामुळे बिघडले होते आणि पोर्टवर ऐकणारे प्रोग्राम बहिरे झाले होते. २०१९ मध्ये ते पूर्ववत करण्यात आले. डेबियन १२ च्या कर्नलमध्ये ही दुरुस्ती अर्थातच आहे, पण जुनी यंत्रे अजून चालू असलेल्या ठिकाणी ही बाब आठवणीत असलेली बरी.

काही जागा मात्र खरोखर अंधाऱ्या आहेत. एक्सडीपी (नेटवर्क स्तराआधीच पॅकेट हाताळणारी सोय) प्रोग्राम लावून ड्रायव्हरच्या पातळीवरच टाकलेली किंवा वळवलेली पॅकेटे टीसीपीडंपला दिसत नाहीत, कारण कॅप्चरची जागा त्यानंतर येते. दुसरी जागा अधिक घरगुती आहे : ज्या राउटरांमध्ये स्विचची चिप आहे आणि लिनक्सचा ब्रिज आपले काम त्या चिपकडे सोपवतो, तेथे एका लॅन पोर्टवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या फ्रेम प्रोसेसरपर्यंत येतच नाहीत. ब्रिजच्या तक्त्यात दोन्ही यंत्रांचे पत्ते दिसतात, फाइल कॉपी होत असते, आणि कॅप्चर कोरे राहते. येथे दोष टीसीपीडंपचा नाही आणि ब्रिजचाही नाही, परंतु यंत्राने ही गोष्ट वापरणाऱ्याला सांगायला हवी होती, आणि ती सांगत नाही.

तुलनेसाठी फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमचा ब्रिज पाहिला, कारण ओपीएनसेन्सच्या रूपाने तो आपल्याकडच्या अनेक कचेऱ्यांत फायरवॉल म्हणून बसलेला असतो. निरीक्षणाच्या सोयींत तो लिनक्सच्या पुढे आहे. त्यात स्पॅन पोर्ट ही कल्पना ब्रिजमध्येच बांधलेली आहे : एखादे कार्ड स्पॅन म्हणून जोडले की ब्रिजला मिळालेल्या प्रत्येक फ्रेमची प्रत त्यातून बाहेर पडते, आणि दुसरे यंत्र लावून ती निवांतपणे पाहता येते. शिवाय मॉनिटर मोड आहे, ज्यात फ्रेम कॅप्चरला दाखवून टाकून दिल्या जातात; तारेवरची रहदारी काढून देणाऱ्या दोन टॅप उपकरणांकडून येणाऱ्या दोन दिशा एका प्रवाहात पाहण्यासाठी तो उपयोगी पडतो. लिनक्समध्ये हेच काम ट्रॅफिक कंट्रोलच्या मिरर कृतीने प्रत्येक पोर्टवर वेगवेगळे नियम लिहून करावे लागते. ते होते, आणि अमुक प्रकारच्याच फ्रेमची प्रत हवी अशी निवडही त्यात करता येते, पण त्याची वाक्यरचना इतकी क्लिष्ट आहे की रात्री सर्व्हर बंद पडलेला असताना ती आठवून लिहिण्याची अपेक्षा मी कुणाकडून करणार नाही.

प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन सांभाळणारी प्रणाली) वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना करावीशी वाटते, कारण तोही डेबियनवरच उभा आहे आणि या भागात त्याचा प्रसार मोठा आहे. तेथे एखाद्या व्हर्च्युअल मशीनच्या कार्डासाठी फायरवॉलच्या चौकोनात खूण केली, की त्या मशीनचा टॅप इंटरफेस (वरच्या व्हीनेटसारखाच) मुख्य ब्रिजला थेट न जोडता मध्ये आणखी एक छोटा ब्रिज उभा केला जातो, आणि तो व्हीइथ जोडीने, म्हणजे आभासी तारेच्या दोन टोकांनी, मुख्य ब्रिजला बांधला जातो. फ्रेमला टॅप, छोटा ब्रिज, जोडीची दोन टोके, मुख्य ब्रिज आणि मग लॅन कार्ड असा प्रवास करावा लागतो. वर सांगितलेला बीआर० चा भ्रम येथे दोन ठिकाणी होऊ शकतो. कॅप्चर टॅपवर आणि लॅन कार्डावर, म्हणजे दोन्ही टोकांना, आधी लावावे आणि मधल्या जागा नंतर तपासाव्यात.

खर्चाच्या बाजूने पाहता बीआर० वरील कॅप्चर फुकट नाही, कारण पुढे जाणाऱ्या प्रत्येक फ्रेमची प्रत काढून ती वर न्यावी लागते. गर्दीच्या वेळी टीसीपीडंप थांबवताना कर्नलने किती पॅकेटे गाळली तो आकडा वाचल्याशिवाय ‘पॅकेट आलेच नाही’ असा निष्कर्ष काढू नये. आकडा शून्य नसेल तर गाळणी कडक करावी किंवा बफर वाढवावा. टीसीपीडंप नेहमीच्या मांडणीत प्रत्येक पॅकेटचे २,६२,१४४ बाइटांपर्यंत सर्व काही साठवतो, म्हणजे हजेरी आणि पगाराची माहिती उघड्या स्वरूपात फाइलीत उतरते; निदानाला बहुतेक वेळा शीर्षभाग पुरेसा असतो, तेव्हा लांबी कमी करून घ्यावी आणि फाइल काम झाल्यावर पुसावी.

दस्तऐवजांबाबत मी नाराज आहे. बीआर० ची प्रत फॉरवर्ड नियमाच्या निर्णयावर अवलंबून नसते, ही या सगळ्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट टीसीपीडंपच्या मार्गदर्शक पानावर नाही आणि ब्रिज आदेशाच्या पानावरही नाही. ती कर्नलचा कोड वाचून किंवा कचेरीत ठेच लागून कळते. ब्रिजच्या पानावर एक परिच्छेद वाढवला तरी पुष्कळांचे श्रम वाचतील. तो लिहिला जाईपर्यंत महापेच्या त्या सर्व्हरवर आम्ही एक छोटी आज्ञावली ठेवली आहे, जी हव्या त्या मॅक पत्त्यासाठी लॅन कार्ड, बीआर० आणि संबंधित व्हीनेट यांवर एकाच वेळी कॅप्चर घेते आणि तीन फाइली वेळेसह बाजूबाजूला ठेवते. तो तरुण अभियंता आता आधी ती चालवतो आणि मगच कुणाला फोन करायचा ते ठरवतो.